पेन्सिलीची फुली

१

गुरुवारी संध्याकाळी दहा वह्या मोजून कपाटात ठेवल्या होत्या आणि शुक्रवारी सकाळी दहाच निघाल्या. फक्त त्यातली एक वही नव्हतीच.

ही बातमी घेऊन सुचेता शशिकलाबाईंच्या क्वार्टरवर आली, तेव्हा तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. यंत्रनगर ही कारखान्याची वसाहत, आणि तिथल्या यंत्रनगर कर्मचारी सहकारी बँकेत ती कारकून. वय चोवीस, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं.

"काकू, मी तर बरबाद झाले!" ती दारातूनच म्हणाली. "कसम से, मी स्वतः मोजल्या होत्या. दस के दस. आज बघते तर सभेच्या इतिवृत्ताची वही गायब, आणि ढिगात तिच्या जागी हे!"

तिने टेबलावर एक जाडजूड खंड ठेवला. मराठी मंडळाच्या फिरत्या वाचनालयातला, जुन्या दिवाळी अंकांचा बांधीव खंड. कारखान्यातल्या बाद झालेल्या ड्रॉइंगच्या निळसर कागदाचं कव्हर घातलेला. यंत्रनगरात पोरांच्या वह्यांपासून बँकेच्या वह्या आणि पोथ्यांपर्यंत सगळ्याला तेच कव्हर असायचं.

शशिकलाबाई मोघे टाउनशिपच्या शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल होत्या. निवृत्त झाल्यावर हरवलेल्या वस्तू शोधून देणं हा त्यांचा दुसरा धंदा झाला होता, बिनपगारी. हळदीकुंकवात हरवलेली अंगठी त्यांनी पानाच्या तबकातून काढून दिली होती, तेव्हापासून कुणाचं काही हरवलं की पाय आपसूक मोघ्यांच्या क्वार्टरकडे वळायचे.

"अगं, ते पोलिसांचं काम," कोपऱ्यातून पेपराआडून सदाशिवराव म्हणाले. ते बाईंचे यजमान, कारखान्याचे निवृत्त हेड ड्राफ्ट्समन. "तू कशाला पडतेस त्यात?"

"काशिनाथ भावजींसाठी पडते," बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

काशिनाथ दाते त्या बँकेचे मॅनेजर. त्यांचं काय होणार, ते या एका वहीवर होतं. ते कसं, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

त्या वर्षी देशात सव्वाशेच्या वर सहकारी बँका बसल्या होत्या. वर्तमानपत्रं त्याला 'संकट' म्हणत. जणू ते आभाळातून पडलं होतं. खरं तर ते दिल्लीहून टपालाने आलं होतं. एका नव्या विकास महामंडळाच्या रोख्यांत सहकारी बँकांनी ठेवी गुंतवाव्यात, व्याज दोन टक्के जास्त मिळेल, असं शिफारसपत्र निघालं. गावोगावच्या पुढाऱ्यांनी ते आपापल्या बँकेच्या सभेत वाचलं, टाळ्या झाल्या, आणि अडीच वर्षांत महामंडळ बुडालं. हिंदी मुलखातल्या, मिसरोद गावाच्या अलीकडच्या या यंत्रनगरात चार हजार कुटुंबांचा पैसा अडकला. महिन्याला फक्त हजार रुपये काढता यायचे. लोक मुलामुलींची लग्नं पुढे ढकलत होते आणि ऑपरेशनंही.

आता एका निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग शहरोशहरी फिरत होता. जबाबदार कोण, एवढं ठरवायला. सोमवारी यंत्रनगरच्या कम्युनिटी हॉलमध्ये सुनावणी होती. त्या वेळचे बँकेचे अध्यक्ष, माजी राज्यमंत्री गजाननराव इंगळे, यांनी आधीच लिहून दिलं होतं की धोका मॅनेजरने आमच्यापासून लपवला. या इंगळ्यांचंच नाव आता राज्याच्या बँक पुनरुज्जीवन समितीच्या अध्यक्षपदासाठी घेतलं जात होतं. ज्यांनी घर पेटवलं त्यांनाच बंबावर बसवायचं चाललं होतं.

काशिनाथरावांचं म्हणणं एकच होतं. सभेच्या आधी आपण लेखी हरकत दिली होती, अध्यक्षांनी तिच्यावर स्वतःच्या हाताने शेरा मारून ती परत केली, आणि आपण ती इतिवृत्ताच्या वहीत चिकटवून ठेवली. वही असेल तर माणूस सुटेल. नसेल तर वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तुरुंग.

शशिकलाबाईंनी खंड उघडून आत चिकटवलेली चिठ्ठी पाहिली. कोणत्या घरी कधी गेला, कधी परत आला, सगळ्या नोंदी होत्या.

"सुचेता, हा काल सकाळी अकराला परत आलाय. म्हणजे संध्याकाळी तो पेटीत असायला हवा होता. कपाटात कसा गेला?"

सदाशिवरावांनी पेपराचं पान उलटलं.

२

बँकेच्या बाहेरच्या खोलीत दर गुरुवारी मंडळाची पेटी यायची. कारखान्याच्या पत्राशॉपमध्ये बनवलेली, करड्या रंगाची, कडीकोयंड्याची. लोक पैसे काढायला येत आणि जाताना अंक नेत, आणत. बँक बसली तरी पेटी येत राहिली. संध्याकाळी सदाशिवराव ती स्कूटरवर पायांपाशी ठेवून पुढच्या ब्लॉकमध्ये उषा लेल्यांकडे पोचवत. अकरा वर्षांत त्यात एका दिवसाचा खंड नव्हता.

दारावर सुमेरसिंग होता. तीस वर्षं कारखान्याच्या गेटावर कामगारांचे डबे उघडून पाहिलेला माणूस. आयोगाचं पत्र आल्यापासून बँकेतून कागदाचा चिटोराही बाहेर न्यायला बंदी होती आणि तो हे काम देवपूजेच्या निष्ठेने करत होता.

"बाईजी, मेरी तलाशी के बिना यहां से मक्खी नहीं निकलती," तो म्हणाला. "मॅडम की थैली, साहब का बैग, सब खोलता हूं."

"काल दुपारी आत कोण कोण आलं?"

"युनियनवाले वानखेडेजी. दाते साहब, अपना चश्मा लेने. सुबह केलकर साहब, किताब लौटाने. और अपने मोघे साहब, पेटी लेने. बस."

खिडक्यांना गज होते. मागचं दार आयोगाने सील केलं होतं. शशिकलाबाईंनी सील नखाने खरवडून पाहिलं. ते जुनं आणि पक्कं होतं.

"कपाट कधी उघडं होतं?" त्यांनी सुचेताला विचारलं.

"तीन ते पाच. नऊ वह्यांचं झेरॉक्स झालं आणि लाइट गेली. ही एकच राहिली. मग मी बाहेर काउंटरवर बसले, लाइन लागली होती ना. तोवर मोघेकाका टेबलावर पानांना नंबर टाकून देत होते. आयोगाला नंबर लागतात. काकांचे आकडे कसे, एकदम छापल्यासारखे! पाचला मी ढीग मोजला, दहा भरले, कुलूप लावलं. मधली वही उलटी ठेवलीये की सुलटी, कोण बघतं काकू?"

शशिकलाबाईंना नवऱ्याच्या आकड्यांचा अभिमान होताच. त्या क्षणी तो आणखी थोडा वाढला.

"आयोगाचे साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत वही मिळाली नाही तर माझ्यावर आणि दातेसरांवर केस," सुचेता म्हणाली, आणि तिचा धीर सुटला. ती रडायला लागली.

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वही दाराने गेली नाही, खिडकीने गेली नाही, आणि खोलीत नाही. हे गणित कुठेतरी चुकत होतं.

३

सुभाष वानखेडे युनियनचे सेक्रेटरी. मूळचे अमरावतीकडचे, गजाननरावांच्या खास मर्जीतले. संशय घ्यायला इतका सोयीचा माणूस साऱ्या टाउनशिपमध्ये दुसरा नव्हता. शशिकलाबाई त्यांना कँटीनच्या मागच्या युनियन ऑफिसात जाऊन भेटल्या.

"बसा बाई. मला माहीत आहे तुम्ही कशाला आलात," वानखेडे म्हणाले. "मी साहेबांचा माणूस, मीच वही उडवली. सगळे हेच बोलून राहिले ना?"

"उडवलीत का?"

"उडवली असती तर साहेबांनी आज सकाळी मला फोन काय म्हणून केला असता? पता करो, रजिस्टर किसके पास है. पुरे तीन बार! घाबरलेत ते. वही त्यांच्या हाती असती तर आरामात झोपले नसते का?" त्यांनी बिडीचं बंडल खिशातून काढलं आणि परत ठेवलं. "आणि एक सांगतो. माझ्या पोरीचं लग्न तीनदा पुढे ढकललंय. बैठकीत पहिली टाळी मीच वाजवली होती. रात्री झोप येत नाही त्या टाळीच्या पायी."

बाईंना त्यांचा राग करायचा होता, पण तो येईना. खोटं बोलणारा माणूस स्वतःची टाळी कशाला कबूल करेल? आणि फोनची गोष्टही पटण्यासारखी होती. वही इंगळ्यांकडे गेलेली नव्हती.

बाई निघताना वानखेडे म्हणाले, "बाई, जास्त खोदू नका. काही गोष्टी झाकलेल्या बऱ्या असतात. तुमच्या भल्याचं सांगतो."

ही धमकी होती की काळजी, हे घरी येईपर्यंत बाईंना ठरवता आलं नाही.

४

शनिवारी त्या दिगंबर केळकरांकडे गेल्या. हे बँकेचे संचालक, निवृत्त इंजिनिअर. बांधीव खंड शेवटचा त्यांच्या घरी होता. कुणीतरी वह्यांची संख्या भरावी म्हणून हा खंड ढिगात घुसवला. मग खंड ज्याच्या हाती होता त्याला विचारायला हवं, असा बाईंचा सरळ हिशेब.

"मी तो अकराला पेटीत टाकला आणि घरी आलो," केळकर म्हणाले. "कपाट तर तेव्हा बंद होतं. सुचेताला विचारा."

तेही खरं होतं.

"केळकर, त्या सभेत नेमकं काय झालं? मी होते म्हणा, पण मागे बायकांत बसले होते, काही ऐकू आलं नाही."

केळकरांनी चष्मा काढून पुसला. "सभेत काय व्हायचंय? आपल्याकडे इतिवृत्त आधीच लिहून तयार असायचं. ठराव, सूचक, अनुमोदक, 'एकमताने मंजूर', सगळं. सभा म्हणजे समोसे. मग दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन घरोघर फिरायचा. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असायची. मी सातव्या ठरावाचा सूचक. फुलीवर सही केली आणि दाढी करायला गेलो."

"वाचलं नाहीत?" शशिकलाबाईंचा आवाज चढला. शाळेत न वाचता पुस्तक परत करणाऱ्या पोरांसाठी राखलेला हा आवाज होता. "चार हजार घरांचा पैसा, आणि तुम्ही वाचलंसुद्धा नाहीत? शिकलेली माणसं तुम्ही! लाज कशी वाटली नाही?"

"वाटते," केळकर हळूच म्हणाले. "आता वाटते."

"आणि अनुमोदक कोण होतं?"

केळकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि आतल्या दिशेने ओरडले, "अगं, शशिकलाबाई आल्यात, चहा ठेव."

५

रविवारी सकाळी बाई दात्यांकडे गेल्या. सुधाताई दात्यांनी दार उघडलं आणि क्षणभर त्यांना आत या म्हणायचंही सुचलं नाही. सहा महिन्यांत त्यांच्याकडे कुणी आलंच नव्हतं. दुधाच्या बूथवर त्या उभ्या राहिल्या की रांग दोन पावलं सरकायची. ज्यांची बाळंतपणं सुधाताईंनी काढली, त्यासुद्धा.

काशिनाथराव शर्टाला इस्त्री करत होते. सोमवारसाठी.

"वहिनी, आता वहीसुद्धा मीच पळवली म्हणतायत," ते हसून म्हणाले. हसणं काही फार वेळ टिकलं नाही. "माझ्याकडे हरकतीची कार्बन कॉपी आहे. पण तिच्यावर इंगळ्यांचा शेरा नाही. काल टाइप केली म्हणतील."

"मूळ कागद वहीत पक्का आहे ना?"

"सातव्या ठरावाच्या समोरच्याच पानावर. सभेच्या आधीच मी खळीने चिकटवला. मनात म्हटलं, सभेत वाचू दिला नाही तर नाही; निदान सही करणारा तरी वाचेल."

"आणि कुणी वाचला नाही."

"नाही."

"सही करणारे दोघे. एक केळकर. दुसरं कोण?"

काशिनाथरावांनी इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली. नीट, एकावर एक वेढा. "नावांचं राहू द्या वहिनी. सध्या माझं एकट्याचं पुरे आहे."

परत येताना रस्त्यात उषा लेले भेटल्या. "काय हो शशिकलाबाई, या वेळी पेटी कुठे अडकली? गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मोघे म्हणाले स्कूटर पंक्चर आहे. मी म्हटलं, अकरा वर्षांत पहिलं पंक्चर!"

शशिकलाबाई रस्त्यातच थांबल्या. शनिवारी सकाळी त्याच स्कूटरवरून सदाशिवराव शहरात एम. पी. नगरला जाऊन आले होते.

६

घरी जाईपर्यंत गणित सुटलं होतं. ते चुकावं म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडलं, तरी उत्तर तेच आलं.

सुमेरसिंग सगळ्यांच्या पिशव्या उघडतो. पण अकरा वर्षं दर गुरुवारी ये-जा करणारी पेटी त्याच्या लेखी सामान नव्हतीच, ती बँकेच्या भिंतीसारखी होती. आणि तो खंड? सगळे समजत होते, वह्या दहा भराव्यात म्हणून तो कपाटात ठेवला. ते उलटं होतं. पेटी काठोकाठ भरलेली असायची. एवढी मोठी वही आत घालायची तर तेवढीच मोठी वस्तू बाहेर काढायला हवी, नाहीतर झाकण लागत नाही. खंड कपाटात ठेवायचा म्हणून ठेवला नव्हता. पेटीत जागा करायची म्हणून काढला होता. पेटी घेऊन बाहेर पडलेला माणूस एकच. आणि त्याआधी तासभर त्याच वहीच्या पानांना छापल्यासारखे आकडे घालणाराही तोच.

पेटी मागच्या अंगणातल्या स्टोअरमध्ये होती, जुन्या कूलरच्या मागे. कडी काढली. वरचे आठ-दहा अंक उचलले. खाली निळसर कव्हरातली इतिवृत्ताची वही.

"शशी."

सदाशिवराव दारात उभे होते. बागेतून आल्यामुळे हाताला माती होती.

"कुणी धमकी दिली तुम्हाला?" बाईंनी विचारलं. मनात त्यांनी तेवढी एकच पळवाट ठेवली होती. "इंगळ्यांनी?"

"नाही."

"मग का? त्या काशिनाथ भावजींनी तुमच्या आजारपणात रात्र रात्र हमीदिया इस्पितळात बसून काढलीय. त्यांना तुरुंगात घालायला निघालात?"

"मी जाळणार नव्हतो ती. तीनदा काडी पेटवली, तीनदा विझवली," सदाशिवराव म्हणाले. "पान बेचाळीस बघ."

बाईंनी पान बेचाळीस काढलं.

उजवीकडे ठराव क्रमांक सात, हिंदीतून. डावीकडे काशिनाथरावांची टाइप केलेली हरकत. पहिलंच वाक्य होतं की या महामंडळाला स्वतःचं भांडवल नाही, सभासदांचा पैसा त्यात घालू नये. समासात लाल शाईने तिरकं लिहिलं होतं: 'बैठक में न पढ़ा जाए. प्रस्ताव सर्वसम्मति से पारित.' खाली गजाननरावांची लफ्फेदार सही आणि तारीख.

आणि उजव्या पानाच्या तळाशी, 'अनुमोदक' या शब्दापुढे, अर्धवट पुसलेल्या पेन्सिलीच्या फुलीवर, निळ्या शाईत, सुवाच्य: सौ. शशिकला स. मोघे.

त्यांना आठवली ती सकाळ. पोळ्या चालल्या होत्या. शिपाई म्हणाला, बाई, लेडीज मेंबर म्हणून तुमचं नाव घातलंय, इथे सही. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला आणि सही केली. डावीकडचं पान त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना वाचा वाचा म्हणून मागे लागलेल्या बाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

आता कळलं, केळकर का गप्प बसले, वानखेडे काय झाकत होते. काशिनाथरावांना तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"लोक काशिनाथला रांगेत उभं राहू देत नाहीत," सदाशिवराव म्हणाले. "तुला मी त्या रांगेत बघू शकत नाही गं. म्हटलं, सोमवार निघून जाऊ दे. पुढचं पुढे. मी वाईट केलं, कळतंय मला."

शशिकलाबाई कूलरवर टेकल्या. रडू आलं ते त्यांनी येऊ दिलं. या माणसाने चाळीस वर्षांत एक रेघ खोटी ओढली नव्हती, आणि ओढली ती त्यांच्यासाठी.

"सुधाताई सहा महिने त्या रांगेत आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्या जागी."

७

सोमवारी कम्युनिटी हॉल गच्च भरला होता. गजाननराव इंगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पहिल्या रांगेत होते. त्यांची साक्ष छान झाली.

"न्यायमूर्ती महोदय, दोष शोधण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे. अब तो आगे देखना है. बँका पुन्हा उभ्या करायच्या. मॅनेजरने आम्हाला कधी सावध केलं नाही, आणि निर्णय शेवटी सभेने घेतला. जनतेने घेतला, एकमताने. वही गहाळ झाली, ही दुर्दैवाची गोष्ट आहे."

"गहाळ नाही झाली," मागून आवाज आला.

शशिकलाबाई वही छातीशी धरून पुढे येत होत्या. मागे सदाशिवराव. सदाशिवरावांनी आधी सांगून टाकलं की वही आपण नेली, सुचेताचा आणि दात्यांचा काही संबंध नाही, शिक्षा जी असेल ती द्यावी. मग न्यायमूर्तींनी पान बेचाळीस वाचलं. दोन वेळा वाचलं. लाल शाईचा शेरा त्यांनी मोठ्याने वाचला, तेव्हा गजाननराव घड्याळाकडे बघत होते.

"ही सही आपली?" न्यायमूर्तींनी गजाननरावांना विचारलं.

"ती त्यांचीच," बाई म्हणाल्या. "आणि खालची माझी. अनुमोदक मी आहे. समोरच्या पानावर सगळं लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नाही. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी फसवलं नाही. मला पोळ्या करायच्या होत्या."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"इंगळेसाहेब म्हणतात, निर्णय जनतेने घेतला," त्या पुढे म्हणाल्या. "घेतला ना. माझ्या वाट्याचा दोष मी घेऊन जाते. पण वाचू नये असा हुकूम जनतेने नव्हता दिला. तो ज्यांनी दिला, त्यांनी त्यांच्या वाट्याचा उचलावा. आणि काशिनाथ दात्यांच्या वाट्याला यात काहीच येत नाही. सहा महिने ते आपल्या सगळ्यांचं वाहतायत."

केळकर उठून उभे राहिले. "सूचक मी होतो." मग वानखेडे. "पहिली टाळी माझी, साहेब. लिहून घ्या." आणखी दोन-तीन जण उठले, बाकीचे खाली मान घालून बसले. तेही ठीकच होतं. पहिल्या रांगेतलं कुणी उठलं नाही.

बायकांच्या बाजूला उषा लेले आपल्या खुर्चीवरून सरकल्या आणि सुधाताई दात्यांना त्यांनी शेजारी बसवून घेतलं. काशिनाथराव कडक इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर हात ठेवून, समोर बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

तेवढ्यात आयोगाचा टंकलेखक साक्षीचे चार कागद घेऊन आला. घाईत होता, दुपारी इंदूरची गाडी होती. शेवटच्या कागदाच्या तळाशी त्याने पेन्सिलीने फुली मारली आणि पेन पुढे केलं.

"यहां साइन कर दीजिए मॅडम."

शशिकलाबाईंनी पेन घेतलं. फुलीकडे पाहिलं. मग पेन टेबलावर ठेवलं, पर्स उघडली, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पहिला कागद हातात घेतला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "वाचते."

आणि न्यायमूर्ती, माजी मंत्री आणि चारशे माणसांचा हॉल गप्प बसून, त्यांचे चारही कागद वाचून होईपर्यंत थांबला.